अमेरिकेतला झामीर गायनवृंद

अमेरिकेतील यहुदी समाजाविषयी आपल्या लोकांत बोलणे निघाले की त्यांची मोठमोठी सिनेगॉग, त्यांची इस्पितळे आणि त्यांच्या देणग्या यांचीच वर्णने होतात. त्यांच्या गायनवृंदांविषयी सहसा कोणी बोलत नाही. कॉयर म्हटले की आपल्या जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे भायखळ्याच्या चर्चमधली पांढरे झगे घातलेली मुले उभी राहतात. आपल्या सिनेगॉगमध्ये हज्जान पुढे म्हणणार आणि जमात मागून म्हणणार. कोणाचा सूर वर, कोणाचा खाली, तर कोणी दोन शब्द मागे. परमेश्वराला सगळे पोचते अशी आपली श्रद्धा आहे, आणि आम्हांला ती मान्यच आहे. परंतु शंभर माणसांनी चार निरनिराळ्या चाली एकाच वेळी म्हणावयाच्या आणि तरीही ते एकच गाणे राहावयाचे, हा प्रकार आम्ही न्यू जर्सीत येऊन राहिल्यावर पाहिला.

या देशाला वृंदगानाचे वेड जुने आहे. बॉस्टनमधील हँडेल अँड हायडन सोसायटी 1815 साली निघाली, म्हणजे मुंबईत आपले सामाजी हसाजी यांनी बांधलेले सिनेगॉग उभे राहून वीसच वर्षे झाली होती. सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन पंथीयांचा टॅबरनॅकल कॉयर आहे. त्यात 360 माणसे गातात, त्यांना एक छदामही मिळत नाही, आणि 1929 पासून त्यांचा कार्यक्रम दर आठवड्याला रेडिओवर चालत आला आहे. गावोगावच्या लहान वृंदांची तर गणतीच नाही. पण आम्हांला आज सांगावयाचे आहे ते झामीर या यहुदी वृंदाविषयी. एवढा मोठा वृंद कोणी उभा केला, आणि उभा करणारा निघून गेल्यावर तो कोणी सांभाळला, हा प्रश्न आपल्याही घरापर्यंत येऊन पोचतो.

झामीर हा शब्द ‘शीर हश्शिरीम’मध्ये आलेला आहे. कोणी त्याचा अर्थ गाणारा पक्षी करतात, कोणी गाण्याचा हंगाम. पोलंडमधील लोज शहरात 1899 साली काही तरुणांनी गाण्यासाठी मंडळ काढले, तेव्हा त्यांनी हेच नाव घेतले, ‘हाझोमीर’. लोज म्हणजे त्या देशाचे गिरणगाव. परळ-लालबागेत जसे भोंग्यावर आयुष्य चालायचे तसेच तिथेही. तेव्हा ते रशियाच्या झारच्या अंमलाखाली होते, आणि यहुदी तरुणांनी एकत्र जमणे पोलिसांना रुचत नसे. त्यांचा पहिला संचालक योसेफ रुम्शिन्स्की हा अवघा अठरा वर्षांचा होता. तोपर्यंत यहुदी गाणे म्हणजे सिनेगॉगमधला हज्जान आणि त्याच्या मागे उभी राहणारी चार-दोन मुले. सिनेगॉगच्या बाहेर, बायका आणि पुरुष मिळून, मैफिलीसाठी म्हणून गावयाचे ही गोष्टच नवी होती.

पुढे त्याच नावाची मंडळे इतर शहरांतूनही निघाली. वॉर्सामधील हाझोमीरशी तर यिद्दिशचे थोर लेखक आय. एल. पेरेट्झ यांचा निकटचा संबंध होता आणि लिओ लोव तेथे संचालन करीत. ही माणसे एकेक करून अमेरिकेला आली. रुम्शिन्स्की 1904 साली आला आणि न्यू यॉर्कच्या सेकंड अॅव्हेन्यूवरच्या यिद्दिश नाटकांचा मोठा संगीतकार झाला. लिओ लोव 1920 मध्ये आला आणि त्याने इथल्या कामगारांचे वृंद चालविले. शिकागोत याकोब शेफर नावाचा एक गृहस्थ होता. दिवसा सुतारकाम करून तो संध्याकाळी गाणे शिकवी. त्याने 1914 साली तेथे यहुदी कामगारांचा कॉयर काढला. न्यू यॉर्कमध्ये 1923 साली तशाच धर्तीवर ‘फ्रायहाइट गेझांग फराइन’ सुरू झाला. शिवणकाम करणाऱ्या, टोप्या करणाऱ्या, ब्रेड भाजणाऱ्या माणसांना स्वरलिपी वाचता येत नसे. त्यांना एकेक ओळ गाऊन दाखवावी लागे, पुन्हा पुन्हा. शेफर 1936 साली वारला. वृंद त्याच्यानंतरही चालले, पण मुले इंग्रजी बोलू लागली आणि यिद्दिश गाणारे गळे म्हातारे होत गेले. भाषा गेली की गाण्याला पाय राहत नाहीत, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

मागे लोजमध्ये राहिले त्यांचे काय झाले ते वाचकांस ठाऊक आहे. महायुद्धापूर्वी त्या एका शहरात सव्वादोन लाखांच्या वर यहुदी होते. तेथल्या हाझोमीरचा युद्धापूर्वीचा संचालक इस्राएल फायविशेस याने वॉर्साच्या घेट्टोत कोंडला गेल्यावरही मुलांना जमवून कॉयर केला. 1943 मध्ये त्याची हत्या झाली. लोजचा घेट्टो ऑगस्ट 1944 मध्ये रिकामा करण्यात आला. मंडळ गेले आणि त्याचे नाव घेणारेही तेथे कोणी उरले नाही.

हे नाव पुन्हा निघाले ते न्यू यॉर्कमध्ये 1960 साली. त्या काळी पेनसिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरात मसाद नावाची उन्हाळी शिबिरे भरत. तेथे अमेरिकेत जन्मलेली मुले सुटीभर हिब्रूत बोलत, हिब्रूतच खेळत आणि भांडत. शिबिर संपल्यावर गाणेही संपू नये म्हणून काही तरुण शहरात जमू लागले. त्यांचा पुढारी स्टॅन्ली स्पर्बर हाही त्यांच्याच वयाचा, कॉलेजात शोभेल असा पोरगा. आरंभी हा वृंद मसादच्याच नावाने ओळखला जाई, पुढे तो झामीर कोराल झाला. वयाने बरोबरीच्या माणसांनी बरोबरीच्या माणसाचे ऐकावयाचे हे सोपे नसते. आपल्या जमातीत तर फारच कठीण. आपल्याकडे सिनेगॉगची निवडणूक आली की दोन भावांचे बोलणे बंद होते. कॉयरात मात्र गाणे कसे म्हणावे याविषयी मतदान घेता येत नाही. जागा, हिशेब, बस, सँडविच यांसाठी हवी तितकी समिती नेमावी. सूर केव्हा उचलायचा आणि केव्हा थांबवायचा हे एकाच माणसाने ठरवावयाचे.

स्पर्बर यांची खरी थोरवी आम्हांला वेगळ्याच गोष्टीत दिसते. ते न्यू यॉर्कला धरून बसले नाहीत. न्यू हॅम्पशायरमध्ये यावने नावाचे दुसरे शिबिर होते, तेथेही त्यांनी मुलांना गावयास लावले. 1969 च्या उन्हाळ्यानंतर बॉस्टनकडच्या मुलांना आपल्याही गावी असा वृंद हवासा वाटला. त्यांनी जोशुआ जेकबसन या तरुणाला गळ घातली. तो हार्वर्डमधून नुकताच बाहेर पडला होता. झामीर कोराल ऑफ बॉस्टन असा निघाला. पुढे स्पर्बर 1972 मध्ये इस्राएलला स्थायिक होण्यास निघून गेले आणि तेथे रिनात या नावाजलेल्या वृंदाचे संचालक झाले. स्थापना करणारा माणूस बाराव्या वर्षी उठून गेला तर आपल्याकडील कितीतरी मंडळे दुसऱ्याच दिवशी कुलूप लावून मोकळी झाली असती. न्यू यॉर्कचा झामीर मॅथ्यू लाझार यांच्याकडे गेला. त्यांना सगळे माती म्हणतात, आणि हिब्रू नाव ठाऊक नसलेला मराठी माणूस ते ऐकून क्षणभर दचकतो. ज्या मसाद शिबिरांतून हे सारे उगवले ती 1981 मध्ये बंद पडली. वृंद राहिला.

संचालक करतो तरी काय? आमच्या लोदच्या मावशींना आम्ही फोनवर ‘कंडक्टर’ असा शब्द सांगितला तेव्हा त्यांनी विचारले, तिकीट किती? आमच्या नातीच्या तालमीला आम्ही पुष्कळदा मागच्या बाकावर बसलो आहोत, तेव्हा थोडेफार समजले आहे ते लिहितो. उंच आवाजाच्या बायका सोप्रानो, खालच्या आल्टो. उंच आवाजाचे पुरुष टेनर, खर्जातले बास. चौघांच्या चाली वेगळ्या. एकट्या आल्टोंना गावयास सांगितले तर ऐकणाऱ्याला गाणे ओळखताही येत नाही, भिंतीच्या पलीकडून कोणी तरी गुणगुणते आहे असे वाटते. चौघी एकत्र आल्या की घर उभे राहते. संचालकाचा हात ताल दाखवितो हे कोणालाही दिसते, पण त्याचे मोठे काम त्याच्या आधीचे असते. आवाज निघण्यापूर्वी सर्वांनी एकदम श्वास घ्यावयाचा असतो आणि तो श्वास तो स्वतः घेऊन दाखवितो. हात सुंदर आणि श्वास चुकलेला असा माणूस निरुपयोगी. शिवाय शेजाऱ्याचे ऐकणे. आपलाच आवाज आपल्याला मोठा ऐकू येत असेल तर तो जास्त झाला असे त्या मुलांना शिकवितात.

आणखी एक मौज. त्यांच्या हातातल्या कागदावर हिब्रू शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असतात, कारण स्वर डावीकडून उजवीकडे लिहितात आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे. ही अडचण जुनीच. इटलीत मांतुआ येथील सालामोने रोस्सी याने सतराव्या शतकात सिनेगॉगसाठी चार-पाच, क्वचित आठ आवाजांची हिब्रू गाणी रचून छापली, तेव्हा स्वर एका दिशेने आणि शब्द दुसऱ्या दिशेने असा तोडगा काढावा लागला होता. ही रचना पुढे जवळजवळ विसरली गेली. जेकबसन यांनी ती अभ्यासिली आणि बॉस्टनच्या वृंदाकडून गाऊन घेतली. आपल्या आजोबांनीही नाही का तेफिल्ले देवनागरीत उतरवून पाठ केले? इंग्रजी अक्षरांतला कागद पाहून आमच्यातील एकाने नाक मुरडले, पण दुसऱ्याने ही देवनागरी वही कपाटातून काढून दाखविली तेव्हा विषय तेथेच मिटला.

जेकबसन हे नॉर्थईस्टर्न विद्यापीठात प्राध्यापक होते. तोरा कोणत्या सुरांत वाचावी यावर त्यांनी 2002 मध्ये भला जाडजूड ग्रंथ लिहिला. वृंद मात्र हौशी लोकांचा. डॉक्टर, शिक्षक, वकील, संगणकवाले, आवाजाची परीक्षा देऊन आत आलेले आणि दिवसभर राबून तालमीला पोचलेले. याच वृंदाने 1999 मध्ये, लोजच्या हाझोमीरला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, पोलंडचा दौरा केला. त्या दौऱ्याचा चित्रपट निघाला आहे आणि तो आम्ही पाहिला आहे. ज्या गावी त्या नावाचा एकही गाणारा उरला नव्हता, तेथे तेच नाव घेतलेली अमेरिकन माणसे उभी राहून गातात. आम्ही काही हळव्या मनाचे नाही, तरी तो चित्रपट दोन बैठकींत पुरा केला.

बॉस्टनच्या वृंदाची 2019 मध्ये पन्नाशी झाली तेव्हाही संचालक जेकबसनच होते. न्यू यॉर्कलाही पन्नास वर्षे कारभार लाझार यांच्याकडेच. या गोष्टीचे सर्वजण कौतुक करतात. आम्हांला कौतुक वाटते, तशी धास्तीही वाटते. अर्धे शतक एकाच हाताकडे पाहिलेली माणसे दुसऱ्या हाताकडे पाहतील काय? स्पर्बर बारा वर्षांत उठून गेले म्हणूनच तर दुसरा संचालक झाला. गाणाऱ्यांना नेत्याची सवय लागते आणि नेत्याला गाणाऱ्यांची. ती सवय वेळीच मोडणे हेही नेत्याचेच काम असावे.

लाझार यांनी यावर जो उपाय केला तो आम्हांला फार दूरदृष्टीचा वाटतो. 1990 पासून त्यांनी उत्तर अमेरिकेतील यहुदी वृंदांचा वार्षिक मेळावा सुरू केला, आणि 1993 मध्ये शाळकरी मुलांचा वृंद काढला. त्याचे नाव हाझामीर, म्हणजे लोजचे तेच जुने नाव, आजच्या हिब्रू उच्चारात. गावोगाव शाखा. प्रत्येक शाखेला तिचा स्वतःचा संचालक. सगळीकडे तीच गाणी, दर आठवड्याला तालीम. आता अमेरिकेत आणि इस्राएलात मिळून तीसहून अधिक शाखा आहेत. वर्षातून एकदा सारी मुले न्यू यॉर्कजवळ जमतात, काही दिवस एकत्र राहतात आणि कार्नेगी हॉल किंवा लिंकन सेंटर अशा ठिकाणी शेकडो मुले एका वेळी गातात. एवढ्या शाखा म्हणजे एवढे संचालक तयार झाले, ही गोष्ट मैफिलीच्या टाळ्यांत कोणाच्या लक्षात येत नाही.

2020 च्या साथीत या सगळ्यावर गदा आली होती. वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन येथे 10 मार्च 2020 रोजी एका कॉयरच्या तालमीला 61 माणसे जमली होती. त्यांतील 53 आजारी पडली आणि दोघे दगावले. तेव्हापासून कित्येक महिने अमेरिकेत एकत्र गाणे म्हणजे विषाची परीक्षा झाली. संगणकावर भेटावे तर आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे दोन माणसांनाही एका तालात गाता येत नाही. संचालक एकटा गाऊन दाखवी आणि बाकीचे आपापल्या घरी, दुसऱ्यांना ऐकू न जाणारे, एकेकटे गात. मग प्रत्येकाने आपली चाल ध्वनिमुद्रित करून पाठवायची आणि ती कोणी तरी एकत्र जोडायची. ऐकायला बरे वाटे. गाणाऱ्यांना विचाराल तर ते म्हणतील, ते कॉयर नव्हते.

आमची नात नववीत असताना त्यानंतर लगेच जवळच्या शाखेत गेली. आल्टो. पहिल्या वर्षी ती घरात आपली चाल घोकत असे आणि आम्ही म्हणत असू, हे काय रडगाणे. एके दिवशी तिच्या संचालिकेने विचारले, तुमच्या भारतातल्या यहुदींची गाणी असतील ना? नातीने आम्हांला विचारले. आम्ही म्हटले, असतील काय, आहेत.

आपल्या कीर्तनांचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे भाग आहे. 1880 च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी हिंदूंच्या कीर्तनाचा साज घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत लावली. साकी, दिंडी, आर्या, ओवी सगळे त्यात आले. आमचे आजोबा झांजा घेऊन मागे उभे राहात. गावात कीर्तनकार आला की पाण्याच्या वेळा बदलत, स्वयंपाक लवकर उरकत. परंतु कीर्तन हे एका माणसाचे. आख्यान त्याच्या डोक्यात, चाली त्याच्या गळ्यात. तो गेला की वही मुलाच्या ट्रंकेत आणि मुलगा इस्राएलच्या विमानात. मागे झांजा धरणारे पुष्कळ होते, त्यांतल्या एकालाही पुढे उभे करून आज तू म्हण, असे कोणी म्हटले नाही. इस्राएलमध्ये आपल्या भगिनींनी ती पदे जमवून म्हणण्याचा उद्योग केला म्हणून थोडी तरी उरली आहेत. त्याबद्दल त्यांचे उपकार मानावे तितके थोडे.

लोदच्या मावशी आज नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांनी फोनवर योसेफाच्या आख्यानातले एक पद म्हणून दाखविले. नातीने ते ध्वनिमुद्रित केले आणि पाच रेषांवर लिहावयास बसली. तीन संध्याकाळी गेल्या. मावशी एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारीत नाहीत, घसरत जातात, आणि ती घसरण कागदावर उतरेना. त्यातून आमच्या घरातच दोन पक्ष झाले. एकाचे म्हणणे, पद आहे तसे राहू द्या, त्याला चार आवाज लावले की ते आपले राहणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, आहे तसे राहू दिले म्हणूनच ते एकट्या मावशींपाशी उरले. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर हेच चालले होते. शेवटी संचालिकेनेच वाट काढली. ती म्हणाली, याला चार चाली नकोत; खाली बास आणि टेनर एकच सूर धरून ठेवतील, वर मुली पद म्हणतील. आम्ही म्हटले, म्हणजे तंबोरा. तिने तंबोरा कधी पाहिला नव्हता, नातीने तिला मोबाइलवर दाखविला.

शाखेतल्या मुलामुलींत मराठी कळणारी एकटी आमची नात. ‘ळ’ म्हणताना बाकीच्यांच्या जिभा अडखळतात. तिने प्रत्येकाला वेगळे बसवून तो अक्षरन्‌ अक्षर शिकविला. एका तालमीला संचालिका उशिरा येणार होत्या, तेव्हा त्यांनी निरोप पाठविला की तोपर्यंत तुझे पद तूच घे. आम्ही मागच्या बाकावर होतो. ती पुढे जाऊन उभी राहिली, हात वर केला, आणि श्वास घेतला. पोरे एकदम उठली नाहीत, दोघे हसले. दुसऱ्यांदा तिने हात केला तेव्हा उठली.

ते ध्वनिमुद्रण आम्ही लोदला पाठविले. मावशींनी ते दोनदा ऐकले. पहिल्यांदा म्हणाल्या, पोरांना सर्दी झाली आहे काय? दुसऱ्यांदा दुसऱ्या कडव्यातली एक जागा चुकते म्हणाल्या आणि स्वतः म्हणून दाखविली. पुढे चौथे कडवे म्हणू लागल्या, पण अर्ध्यावर त्यांना शब्द आठवेनात. नातीने वहीत दीड ओळ मोकळी सोडली आहे. बीरशेबाला मावशींच्या जाऊबाई आहेत, त्यांना येत असावे, असे मावशी म्हणतात. शाब्बाथ उलटला की फोन करणार आहोत.